आजीचे दात घासायचेच, आई

लीड्स,
९ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आजीचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालीस, "अगं, आत्या तोंडानं काही खातच नाहीत, मग दात कशाला घासायचे?" मी ड्युटीला निघाले होते, घाईत नुसतं "घास गं" म्हणून फोन ठेवला. पण दिवसभर तुझं बोलणं डोक्यातून जाईना. फोनवर मध्येच रेंज जाते, आप्पांना वेगळंच काही विचारायचं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. वहिनीला वाचायला दे आणि पत्र आजीच्या कॉटपाशीच ठेव.

आई, आजीला नाकातून नळी आहे ना, म्हणून तर दात जास्तच घासायला हवेत. आपण चावतो, पाणी पितो, बोलतो, दिवसभर लाळ गिळतो, त्यात तोंड आपोआप धुतलं जातं. आजीचं हे जवळजवळ बंदच झालंय. त्यात ती तोंड उघडं ठेवून श्वास घेते, म्हणून आतून कोरडं पडतं. दातांवरचा चिकट थर वाढत जातो, त्यात जंतू पोसतात. लकव्यानं गिळणं बिघडलंय, त्यामुळे तीच घाण लाळ झोपेत थोडी थोडी श्वासनळीत उतरते. मग ताप, छातीत घरघर आणि न्युमोनिया. नळीतून पेज सोडताना तू किती जपतेस ते मला माहीत आहे. लाळेकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

माझंही गेलं नव्हतं. इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला स्ट्रोकच्या वॉर्डात टाकलं. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा होते, असेच नळीवर. तीन दिवस मी त्यांची औषधं, कूस बदलणं, लघवीची पिशवी सगळं वेळच्या वेळी केलं, पण तोंडात एकदाही डोकावले नाही. चौथ्या दिवशी आमच्या सीनियर सिस्टरनं बॅटरी धरून त्यांची टाळू दाखवली. वाळलेल्या डिंकासारखी तपकिरी खपली टाळूला घट्ट बसलेली, एका कडेला सुटून लोंबत होती. ओल्या ब्रशनं भिजवत, थांबत, पुन्हा भिजवत ती काढायला पाऊण तास लागला. निघाली तेव्हा आख्खी टाळूच्या आकाराची निघाली. आजोबांनी ओठ मिटले, जीभ टाळूला लावून बघितली, पुन्हा एकदा लावली. मला इतकी लाज वाटली! तेव्हापासून नवा पेशंट आला की आधी तोंड बघते, मग बाकीचं.

जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत याचा अभ्यास झाला होता, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात तो आला. काही म्हाताऱ्या माणसांचे दात प्रत्येक जेवणानंतर घासून दिले, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. दोन वर्षांत नेहमीसारखं चाललेल्यांपैकी १९ टक्के लोकांना न्युमोनिया झाला, घासून दिलेल्यांपैकी ११ टक्क्यांना. तोंड स्वच्छ ठेवल्यानं एवढा फरक पडतो गं.

दवाखान्यातून आजीला घरी सोडताना नळी कशी धुवायची, पेज किती द्यायची, सगळं सांगितलं. तोंडाचं कुणीच काही सांगितलं नाही, बोरोग्लिसरीनची बाटली तेवढी हातात ठेवली, याचं मला अजून वाईट वाटतं. मलाही तिकडं शिकताना तेच शिकवलं होतं, चिमट्याला गॉज गुंडाळायचा, बोरोग्लिसरीनमध्ये बुडवायचा आणि तोंडातून फिरवायचा. पण गॉजनं दातांवरचा थर निघत नाही, तो ब्रशच्या केसांनीच निघतो. ग्लिसरीन तर उलट पाणी ओढून घेतं आणि तोंड आणखी कोरडं पडतं. बाटली बाजूला ठेव. शेजारच्या काकू मध लावायला सांगतात, तोही नको. औषधाच्या दुकानात काडीला स्पंज लावलेले बोळे मिळतात, ते घेऊ नकोस. त्यांचा स्पंज सुटून घशात अडकू शकतो. इथं २०१२ मध्ये सरकारी खात्यानं तसा इशारा दिला होता.

आता कसं करायचं ते सांगते. लहान मुलांचा मऊ ब्रश आण, त्याचं डोकं लहान असतं. कॉटची उशाची बाजू वर घे, पाठीशी लोड लाव, आजीला नीट बसती कर आणि हनुवटी जरा छातीकडे झुकू दे. मान मागे टाकून कधीच घासायचं नाही, सगळं पाणी घशात जाईल. फारच थकली असेल त्या दिवशी कुशीवर वळव, म्हणजे लाळ गालातून बाहेर येईल. गळ्याखाली टॉवेल, ओठांना आधी तुपाचं बोट. ब्रश पाण्यात बुडवून झटकून घे, थेंब गळता कामा नये. पेस्ट नुसती पुसल्यासारखी, तीही फेस न होणारी. इथं मिळते, माझी मैत्रीण दिवाळीला येतेय, तिच्याबरोबर दोन ट्यूब पाठवते. तोवर ओला ब्रश पुरे. गुलाबी माउथवॉश तोंडात ओतायचा नाही, चूळही नाही. मधून मधून धुवट मऊ फडक्यानं लाळ टिपत राहा, पण बोट दातांच्या मध्ये घालू नकोस, आजीचा दात लागला तर ती जाणून करणार नाही, तरी हाताला जखम होईल.

खाली आजीचे नऊच दात राहिलेत, त्यामुळे काम थोडंच आहे. दात आणि हिरडी जिथं भेटतात तिथं ब्रश तिरका धरून हळू हलव. मग वरची हिरडी, टाळू, आणि शेवटी जीभ मागून पुढे, हलक्या हातानं. डाव्या गालात मात्र बॅटरी लावून बघच. लकव्याच्या बाजूला तिला काही जाणवतच नाही, सगळं तिथंच साचतं. हे सकाळी आणि रात्री झोपायच्या आधी करायचं. दुपारी नुसतं ओलं करून टिपलंस तरी चालेल. पहिले काही दिवस हिरड्यांतून थोडं रक्त येईल, घाबरून थांबू नकोस. थर साचला म्हणूनच ते येतं, स्वच्छ राहिलं की कमी होतं. फार येत असेल तर डॉक्टरांना सांग, तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ब्रश धुऊन पेल्यात उभा ठेव, टोपण लावू नकोस.

कवळी कागदात गुंडाळून कपाटात टाकली असेल तर काढ. साबणानं घासून पाण्यात ठेव, सुकली की तिचा आकार बिघडतो. धुताना खाली पाण्याचं पातेलं ठेव, हातातून निसटली तरी फुटणार नाही.

एक गोष्ट मला रविवारी व्हिडिओवर दिसली. आजीचा उजवा हात सारखा तोंडाकडे जात होता, पहिलं बोट खालच्या ओठाच्या आत फिरत होतं. तू म्हणालीस, "चाळाच लागलाय." आई, ती मशेरी लावतेय गं. पन्नास-साठ वर्षांची सवय, बोटाला विसरता येत नाही. तंबाखूची दंतमंजनं सरकारनं १९९२ मध्ये बंद केली, पण आपल्याकडे तंबाखू तव्यावर भाजून मशेरी घरीच करतात, तिला कोण बंद करणार? कुणी आली-गेलेली बाई मायेनं चिमूटभर देईल, तिला हात जोडून नाही म्हण. आणि त्या बोटाचा उपयोग करून घे. ब्रश तिच्या उजव्या हातात दे, वर तुझा हात ठेव आणि सुरुवात करून दे. आमच्याकडे बरेच पेशंट असा ब्रश हातात आला की स्वतःच घासू लागतात, बाकी काही कळत नसलं तरी. आजीला तर सगळं कळतं. तिचं झालं की मग राहिलेलं तू कर.

ज्या जागी ती मशेरी धरायची, खालच्या ओठाच्या आत आणि हिरडीच्या कडेला, तिथं नीट बघ. पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला लागणारा कडकपणा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, यातलं काहीही दिसलं तर फोटो काढून मला लगेच पाठव आणि दातांच्या डॉक्टरांना दाखव. वाट बघायची नाही.

आणि आप्पांना सांग, चमच्यानं चहा पाजायचा नाही. तिची नजर कपाकडे लागते हे मीही बघितलंय, मलाही भरून येतं. गिळण्याची तपासणी होऊन डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिला चमचा त्यांनीच पाजावा. तोवर ब्रश थंड पाण्यात बुडवून, झटकून जिभेवरून फिरव, तिला बरं वाटेल.

रविवारी मला सुट्टी आहे. तुमच्या संध्याकाळी सहाला फोन लावते. वहिनीला बॅटरी धरायला सांग, आधी मला तो डावा गाल दाखव.

तुझीच,
ताई