बॅसिलिकेचा गिलावा

रविवार पुरवणीतील जुन्या गोव्यावरील लेखात बॉम जीझस बॅसिलिकेचा उघडा, तांबूस जांभा दगड हेच तिचे मूळ रूप असल्याचे म्हटले आहे, ते बरोबर नाही. १५९४ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १६०५ मध्ये पवित्रीकरण झालेल्या या चर्चच्या बाहेरील भिंतींवर गिलावा होता. तो १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, काढण्यात आला. जांभा पावसाचे पाणी किती पितो, हे पाचगणी-महाबळेश्वरचे पावसाळे अनुभवलेल्या आम्हा सातारकरांना सांगायला नको. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जिथे जपले आहेत आणि दर दहा वर्षांनी लाखो भाविक ज्यांच्या दर्शनाला येतात, त्या वास्तूच्या भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा देण्याची मागणी लेखात यायला हवी होती.

– एक वाचक, सातारा