फॉरमॅट मारण्याआधी

मिरज,
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. दुकानदाराने लॅपटॉप दोन मिनिटं उघडून बघितला आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. विंडोज, ऑफिस सगळं टाकून देतो. डेटाची गॅरंटी नाही." यातलं शेवटचं वाक्य ही मंडळी अशी म्हणतात, जसं काही पिशवी आणली नसेल तर वेगळे पैसे पडतील. लॅपटॉप त्याच्याकडे ठेवून आलेला नाहीस, हे बरं केलंस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नेऊन देऊ नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण तू दर वाक्याला "हां हां, कळलं" म्हणतोस आणि मला संशय येत राहतो. म्हणून बैजवार लिहितोय.

या विषयात मी ढ आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण पावसाळा संपता संपता माझ्या जुन्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिम (विंडोजसारखी, यंत्र चालवणारी मूळ प्रणाली) मी माझ्या हाताने बसवली, आणि हे पत्र त्यावरच टाइप होतंय. झालं असं, की माझा लॅपटॉप २०१७ चा, आत इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे आम्ही एका पिढीने हुकलो. त्यातून आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकायचा, पिऊन कप विसळून ठेवायचा, तोवर डेस्कटॉपवरची चित्रं उमटायला लागलेली असायची. नवा घे, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मला मात्र कीबोर्डाची इतकी सवय झालीय की म्हटलं, आधी याचं काही होतंय का बघू. भाच्याने विंडोजऐवजी चालणाऱ्या लायनक्स मिंटचं नाव सुचवलं. फुकट आहे, जुन्या यंत्रावर धावतं, आणि मला लागतं काय तर वाचनालयाचा पत्रव्यवहार, हिशोबाचे तक्ते, थोडं इंटरनेट.

आता मुद्द्याचं. इन्स्टॉल करणं हे या सगळ्यातलं सगळ्यात किरकोळ काम आहे. खरं काम त्याच्या आधीचं. आपल्याकडे एक ठाम समज असतो की 'सी'मधलं जातं आणि 'डी'मधलं राहतं. असेलही. पण तुझ्या फायली नक्की 'डी'मध्ये आहेत हे तुला कुणी सांगितलं? डेस्कटॉपवर जे काही मांडून ठेवतोस ते 'सी'मध्येच असतं. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्सही तिथेच. वनड्राइव्ह चालू असेल तर आणखी घोळ: फाइल दिसते, पण तिच्या शेजारी ढगाची खूण असली तर ती तुझ्या यंत्रात नाहीच, फक्त नाव आहे. ती उघडून उतरवून घ्यावी लागते.

म्हणून कागद-पेन घेऊन बस. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, टॅलीचा (हिशोबाचा) डेटा, आउटलुक वापरत असशील तर त्याची पीएसटी फाइल (तिच्यात सगळ्या मेल असतात), डिजिटल सहीच्या डोंगलचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचा ड्रायव्हर (यंत्राला प्रिंटर ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम). आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानदार कधीच विचारत नाही: फॉन्ट. त्याचं पुढे लिहितो, कारण तिथे माझा जीव खरोखर टांगणीला लागला होता.

माझ्यापुरता मी एक सोपा मार्ग काढला. काही पुसायचंच नाही. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी २४० जीबीची नवी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली (पाठीमागचे स्क्रू काढायचे, डिस्क सरकवून बाहेर, नवी सरकवून आत, झालं) आणि जुनी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून कपाटात ठेवली. त्यामुळे पुढे काहीही बिघडलं असतं तरी सगळा संसार कपाटात शाबूत. नवशिक्याला याहून चांगली झोपेची गोळी नाही.

मग पेन ड्राइव्ह. मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. ती नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर 'लिहावी' लागते, आणि त्यात पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं. त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह घेऊ नकोस. मग लॅपटॉप चालू करताना एफ१२ (काहींना एफ९, काहींना एस्केप) दाबत राहायचं, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते तो विचारतो.

मिंटची एक गोष्ट मला फार आवडली. पेन ड्राइव्हवरून ते आख्खं चालू होतं, डिस्कला हातही न लावता. भाड्याचं घर बघायला गेल्यावर आपण नळ सोडून बघतो ना, तसं सगळं तपासून घेता येतं. वायफाय लागतंय का, आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅड, झाकण मिटल्यावर झोपून परत उठतो का. माझं वायफाय लागलं नाही. पोटात गोळा आला. भाचा म्हणाला, मोबाइल यूएसबीच्या वायरने जोड आणि टेदरिंग चालू कर. केलं, आणि मोबाइलचं इंटरनेट सरळ लॅपटॉपला मिळालं. इन्स्टॉल झाल्यावर त्याच वायरीवरून ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा ड्रायव्हर स्वतः शोधून आणला. ही युक्ती कुठेतरी लिहून ठेव, विंडोजलाही चालते.

इन्स्टॉल करताना एकच पडदा घाम फोडतो, तो डिस्कचा. तिथे 'सी' नाही, 'डी' नाही. एसडीए, एसडीबी अशी नावं, त्यांच्याखाली एक, दोन, तीन आकडे, आणि वर 'इरेज डिस्क' असे शब्द. कुठली डिस्क कुठली? तर नाव वाचायचंच नाही, आकार वाचायचा. २४० जीबी म्हणजे माझी नवी एसएसडी, १६ जीबी म्हणजे पेन ड्राइव्ह. तिसरं काही तिथे असताच कामा नये, म्हणून कपाटातली डिस्क कपाटातच. मोबाइलची वायरसुद्धा मी काढून ठेवली होती. तरी 'इन्स्टॉल नाऊ' दाबताना हिला हाक मारून शेजारी उभं केलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" म्हटलं, नुसती उभी राहा.

पुढे गंमत. वेळ कुठली, म्हणून जगाचा नकाशा येतो. मी अगदी नेमकी मिरज धरून टिचकी मारली, तर खाली नाव आलं कोलकाता. सगळ्या देशाची एकच वेळ आणि ती कोलकात्याच्या नावाने नोंदलेली. नाव, पासवर्ड दिला, आणि एक वाटी पोहे संपायच्या आत काम झालं. लॅपटॉप आता असा चटकन उठतो की चहाची सवय मोडावी लागली.

आता फॉन्टचं. तात्यांनी लिहिलेला गावचा इतिहास तुला आठवतो ना? तो २००४ साली एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला होता आणि त्याची फाइल माझ्याकडे होती. नव्या सिस्टिमवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच चौकटी कंस, स्वल्पविरामांची रांग. मराठीचा एक काना दिसेना. क्षणभर वाटलं, फाइल सडली. पण ती सडलेली नव्हती. त्या काळचे बरेचसे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी मुखवटे. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरच असतं, फॉन्ट त्याला 'म' म्हणून दाखवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला.

जुनी डिस्क जोडली, विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं त्यातून त्या फॉन्टची फाइल घेतली, मिंटवर दोनदा टिचकी मारून बसवली, कागद परत उघडला, आणि तात्यांचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उमटलं. डिस्क पुसली असती तर तो डीटीपीवाला आता कुठे शोधायचा? त्याच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. सध्या एक एक प्रकरण युनिकोडमध्ये (ज्यात 'म' हा संगणकाच्या लेखीही 'म'च असतो) रूपांतर करून तपासतोय. जोडाक्षरं आणि रफार घसरतात, ते हाताने लावावे लागतात. 'करणाऱ्या', 'सुऱ्या'तला आडवा रफार तर हमखास.

टायपिंगचा प्रश्न तू विचारशीलच. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कळांची ठरलेली मांडणी) जोडता येतो. मी तोच वापरतो. मोठा 'एन' दाबला की ळ, मोठा 'जे' म्हणजे ऱ. अक्षरवळण मात्र आधी हिंदी धाटणीचं आलं. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श मला हवाच होता. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फॉन्ट फुकट मिळतो, तो बसवला आणि पान आपलं दिसायला लागलं. आणि एक सहज म्हणून: हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम (तीच पुढे लायनक्स) करतोय हे जाहीर केलं २५ ऑगस्ट १९९१ ला. देवनागरी असलेली युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची. इन्स्क्रिप्ट ज्या भारतीय मानकात आहे तेही १९९१ चंच. आणि त्या वर्षी आपण दोघं टायपिंगच्या क्लासात मिनिटाला तीस शब्दांसाठी बोटं मोडत होतो!

तुझं प्रकरण वेगळं आहे. तुझा लॅपटॉप अकराव्या पिढीचा, विंडोज ११ त्यावर रीतसर चालतं, आणि तुला टॅली लागतं, तेव्हा लायनक्सच्या नादी लागू नकोस. आधी सेटिंगमधलं 'रीसेट धिस पीसी' करून बघ. 'कीप माय फाइल्स' निवडलंस तर फायली राहतात, प्रोग्रॅम मात्र जातात. तरी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊनच. त्याने भागलं नाही तर मग पेन ड्राइव्हवरून कोरं विंडोज. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल आहे, निदान आठ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो.

विंडोजचे पैसे मात्र दुकानदाराला देऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपसोबत विंडोज आलंय, त्याची की (परवान्याचा क्रमांक) मदरबोर्डातच कोरलेली आहे. इन्स्टॉल करताना की विचारलीच तर 'माझ्याकडे की नाही' निवडायचं. तुझ्या लॅपटॉपवर बहुधा होम सिंगल लँग्वेज असेल, तर तीच आवृत्ती बसव, इंटरनेट लागल्यावर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. दुकानातून 'प्रो' म्हणून जे टाकून देतात ते पुष्कळदा क्रॅक केलेलं असतं, आणि त्याच यंत्रावर तू बँकेचं काम करणार. मला तरी ते पटत नाही.

तुझ्याकडे दोन अडचणी येण्याचा संभव आहे. एक, डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्याच सुरक्षेच्या सोयीने) कुलूपबंद असू शकते. तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधीच तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेव. दुसरी, अकराव्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपवर विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी येते. घाबरू नकोस, डिस्क मेलेली नसते. इंटेलचा स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर सोडवून ठेवायचा आणि तिथेच 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवायचा, की डिस्क हजर.

तो ड्रायव्हर मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, म्हणून पालथा घालून खालच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो पाठव. मी भाच्याला विचारून बरोबर तोच उतरवून ठेवतो. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने ये, पेन ड्राइव्ह दोन आण, आणि टॅलीचा बॅकअप घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
पम्या