ईशानला दवाखान्यात नेऊ नका

ग्लासगो, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई,

शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर माझा आवाज चढला, त्याची आधी माफी मागते. आई, तू नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवलास आणि नंतर मला झोप लागली नाही. दादाचा ईशान तुमच्याबरोबर बाबांच्या तपासणीला आला, डॉक्टरांचं सगळं बोलणं त्यानं मराठीत सांगितलं, पोर किती हुशार आहे, हे तू कौतुकानं सांगत होतीस आणि मी मध्येच तोडलं. का तोडलं ते फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

मी लंडनला वेम्बलीत तुमच्याजवळच राहिले असते तर ईशानवर ही वेळ आली नसती, हे मला कळतं. तुम्ही दोघंही तसं एका शब्दानं बोलला नाहीत, म्हणून जास्त लागतं. पण बाबा, सहा वर्षं मी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काढली. ही नोकरी कायमची आहे, पेन्शन आहे. "पर्मनंट म्हटल्याशिवाय खरं नाही" हे तुम्हीच मला शिकवलंत. लंडनच्या युस्टन स्टेशनवरून गाडी साडेचार तासांत इथे ग्लासगोला येते. मिरजेहून मुंबईला जायला आपल्याला अख्खी रात्र लागायची आणि तेव्हा आपण त्याला लांब म्हणत नव्हतो. तुमची खोली तयार आहे, खिडकीला जाड पडदे लावलेत, हीटर चालू करून पाहिला, आईच्या गुडघ्यांसाठी उंच पलंग घेतलाय. न्हाणीघर खोलीला लागूनच आहे. हे सगळं मागच्या महिन्यात मी चारदा सांगितलंय, ठाऊक आहे मला.

आता ईशानचं. आपण १९९० मध्ये या देशात आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. आठवडाभरात पत्र आलं की नाव नोंदवायला सर्जरीत या. सर्जरी म्हणजे ऑपरेशन एवढंच आपल्याला माहीत. आई, तू देवासमोर बसलीस. बाबा म्हणाले, आपल्याला काही झालंच नाही तर कापणार काय? मी शाळेत बाईंना विचारून आले की इथे सर्जरी म्हणजे जीपीचा, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना. ऑपरेशन होतं त्या खोलीला थिएटर म्हणतात. त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक पत्र माझ्या हातात यायला लागलं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग पुढच्या वर्षी तुझ्या गाठीचं झालं. डॉक्टरांनी कागदावर एक शब्द लिहून दिला, बिनाइन. मी तो बिगिन वाचला आणि तुला म्हणाले, "आत्ता सुरुवात आहे म्हणतात." दोन रात्री तू जागी होतीस. मी पांघरुणात तोंड घालून पडले होते, कारण ती वाईट बातमी माझ्या तोंडून आली होती. तिसऱ्या दिवशी जोशीकाकूंनी कागद पाहिला आणि सांगितलं, अहो, निरुपद्रवी आहे, कॅन्सरची नाही. तू मला जवळ घेऊन "जाऊ दे गं" म्हणालीस. पण आई, माझं अजून गेलेलं नाही.

शुक्रवारी रात्री ईशाननं मला चोरून फोन केला. त्याला रागावू नका, मी शब्द दिलाय. त्यानं विचारलं, "आत्या, आजोबांची किडनी स्टेज थ्रीला आहे. ते मरणार का?" तुमच्यासमोर त्यानं हसत हसत सांगितलं असेल, पण अकरा वर्षांचं पोर दोन दिवस हे पोटात घेऊन शाळेत जात होतं.

तर बाबा, आधी तुमच्या किडनीचं, कारण तुम्हीही आतून घाबरला असाल. पत्रावर सीकेडी लिहिलंय ना? क्रॉनिक किडनी डिसीज. क्रॉनिक म्हणजे गंभीर नव्हे, दीर्घकाळ चालणारं. अचानक उद्भवतं ते अक्यूट. आणि ही स्टेज कॅन्सरची स्टेज नाही. ईजीएफआर नावाचा आकडा असतो, मूत्रपिंडं रक्त किती गाळतात ते सांगणारा. त्यावरून पाच टप्पे पाडलेत. तुमचा आकडा ५२ आहे. ४५ ते ५९ म्हणजे ३ए. तुमच्या वयाच्या कितीतरी माणसांचा असाच असतो. रक्तदाब आणि साखर सांभाळायची, ठरल्या वेळी रक्त तपासायचं. फक्त कंबर दुखली म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन आणायची नाही. अजिबात नाही. कुठलीही नवी गोळी घेण्याआधी फार्मसीतल्या माणसाला सांगायचं की मला सीकेडी आहे.

साखरेचंही सांगते, कारण मिरजेच्या अण्णांशी बोलून तुम्ही स्वतःला त्रास करून घेता. अण्णांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ७ आणि तुमचं ५३, म्हणून तुमचं सातपट वाईट नाही. इथलं माप वेगळं आहे. इथले ४८ म्हणजे तिकडचे साडेसहा आणि ५३ म्हणजे बरोबर ७. तुमचं आणि अण्णांचं सारखंच आहे! बोटाला टोचून बघता त्या यंत्रातल्या आकड्याला १८ नं गुणलं की मिरजेचा आकडा येतो. ७ आले तर १२६. आता अण्णांना फोन करा आणि सांगा.

बाबा, तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं मनात आणू नका. सव्वीस वर्षं तुम्ही टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात होता. एचए नाइन, एनडब्ल्यू टेन असले पिनकोड, नुसतं पाकीट पाहून तुम्हाला कळायचं कुठल्या गल्लीचं आहे. नवा मुलगा आला की पहिला महिना भांबावलेला असायचा आणि तुम्ही त्याला शिकवायचात. त्याला कधी अडाणी म्हणाला नाहीत. हॉस्पिटलची अक्षरंही तशीच आहेत, त्यांची त्यांच्या खात्यातली. खात्याबाहेरच्या माणसाला ती कळावीत ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि हे मीच म्हणते असं नाही. २०१८ मध्ये इथल्या मेडिकल रॉयल कॉलेजांच्या अकॅडमीनं डॉक्टरांना सांगितलं की पत्र पेशंटलाच उद्देशून, त्याला समजेल अशा भाषेत लिहा. सगळे तसं लिहीत नाहीत म्हणून तर माझा राग आहे.

मागच्या नोव्हेंबरात काय झालं आठवा. बाबा चुकीच्या इमारतीत दीड तास बसून राहिले आणि वर पत्र आलं, डीएनए. आई, तू मला आठ दिवस विचारत होतीस की तुझी साखर तपासलीस का, तुझी किडनी बघून घे. मला उशिरा कळलं की तुला वाटलं होतं, रक्तातला, पिढीतून येणारा दोष सापडलाय आणि तो मलाही असणार. डिड नॉट अटेंड, एवढंच होतं ते. आला नाहीत. दीड तास ताटकळलेल्या माणसाला "आला नाहीत" लिहायचं आणि तेही तीन अक्षरांत! खाली डिस्चार्ज्ड टु जीपी होतं, म्हणजे बरे झालात असं नव्हे, फाईल परत जीपीकडे. असं पत्र आलं तर लाजून गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी वरच्या नंबरवर फोन करायचा. ऐकून घेतलं नाही तर हॉस्पिटलात पाल्स म्हणून कक्ष असतो, पेशंटच्या अडचणींसाठीच. तिथे सांगायचं.

आणि तुझं मनगट मोडलं तेव्हाचं आठवतं का? घरी ओटी येणार म्हणून तू सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हतास. मिरजेत ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, तू तरी काय करणार? इथे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, घरात उठणं-बसणं, आंघोळ सोपी व्हावी म्हणून बघायला येणारी. ती मुलगी न्हाणीघरात दांडा बसवायचं ठरवून निघाली आणि ती पोटुशी आहे म्हटल्यावर तू तिची खणा-नारळानं ओटी भरलीस. प्लॅस्टर घातलेल्या हातानं. ते आठवलं की आजही मला भरून येतं. त्याच पत्रावर मनगटाच्या आधी आडव्या-उभ्या रेघांची जाळी होती, फोनवर असते तशी. ती खूण म्हणजे फ्रॅक्चर. आणि आजाराच्या नावाआधी नुसतं प्रश्नचिन्ह असलं तर शंका, निदान नव्हे. एनएडी असलं तर पेढे वाटा, काहीही वावगं सापडलं नाही.

आता सप्टेंबरातला तुझा मोतीबिंदू. पत्रावर डॉक्टरऐवजी मिस लिहिलंय म्हणून तू मनातून खट्टू आहेस, दादानं सांगितलं मला. अगं, इथे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना मिस्टर, मिसेस, मिसच म्हणतात. पूर्वी हे काम न्हावी-शल्यकार करायचे, १५४० पासून लंडनमध्ये त्यांचा एकच संघ होता. विद्यापीठाची डॉक्टरकी वेगळी. १७४५ मध्ये दोघे वेगळे झाले, पण ते बिरूद टिकलं आणि आता परीक्षा पास झाल्यावर ते डॉक्टर सोडून मिस्टर-मिस मानानं लावतात. तुझ्या बाई पूर्ण शिकलेल्या आहेत. रजिस्ट्रार आला तरी दचकू नका, तो नोंदणी कचेरीतला नव्हे, कन्सल्टंटच्या खालचा डॉक्टर. टीसीआय म्हणजे दाखल व्हायची तारीख. एलए म्हणजे फक्त डोळा बधिर करणार, तू जागी असशील. निघताना औषधांची पिशवी मिळेल, तिला टीटीओ म्हणतात, तिला वेळ लागतो. बाबा, डबा बरोबर ठेवा. थालीपीठ चालेल.

गोळ्यांचं तुम्हाला येतं, मिरजेच्या चिठ्ठीत १-०-१ असायचं तसंच. ओडी एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूडीएस चारदा. पीआरएन म्हणजे लागेल तेव्हाच. ही लॅटिन अक्षरं आहेत, डब्यावर फार्मसीवाला साध्या इंग्रजीत लिहितो, तेच वाचायचं.

आणखी दोन गोष्टी, आणि त्या वाचून मन लहान करू नका. कधी पत्रावर अर्जंट सस्पेक्टेड कॅन्सर दिसलं, तर ती लवकर तपासण्याची वाट आहे. त्या वाटेनं गेलेल्या बहुतेकांना कॅन्सर निघत नाही. आणि कधी कुणी डॉक्टरांनी डीएनएसीपीआर असा कागद काढला, तर तो फक्त हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचं की नाही, याबद्दल असतो. औषधं, सलाईन, काळजी, बाकी काहीही त्यानं थांबत नाही. तो विषय निघाला तर "माझ्या मुलांना बोलवा" म्हणा. मी पहिली गाडी पकडीन.

हे मी सांगेन, दादा सांगेल, पण ईशान नाही. मराठी दुभाषी मिळतो. पैसे पडत नाहीत, बऱ्याचदा फोनवरूनच असतो. अपॉइंटमेंट घेतानाच म्हणायचं, "वुई नीड अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज." बाबा, तुम्हाला हे म्हणायला कमीपणा वाटेल, तरी म्हणा. काम चालेल असं वाटत असलं तरी म्हणा. पोटातलं, लघवीचं, भीतीचं नातवासमोर बोलता येत नाही, म्हणून तुम्ही निम्मं गिळता. मी लहान होते तेव्हा आईनंही गिळलं असणार.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर थेट ९९९, मला नंतर. बाकी रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर १११. एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, दहा आकडी नंबर दोघांच्या पाकिटात मी ठेवलाय, तो काढू नका. ईलिंग रोडची भाजी दादा शनिवारी आणेल, पिशव्या तुम्ही उचलू नका. हीटर बंद करून शाली पांघरून बसायचं नाही. बिल मी भरते. आणि शनिवारी जमेल तेव्हा डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जा, चार माणसं भेटली की आईचा रक्तदाब आपोआप उतरतो.

ईशानला घरी येऊ द्या, त्याच्याशी कॅरम खेळा, मोदक करताना त्याला कळ्या पाडायला बसव. मी त्याला सांगितलंय की आजोबांची किडनी त्यांच्या वयाच्या मानानं ठीक आहे. बाबा, तुम्हीही एकदा स्वतः त्याला सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं की त्याला झोप लागेल.

बुधवारी सात वाजता फोन करते. नवं पत्र आलं असेल तर जवळ घेऊन बसा. अक्षरं आधी तुम्ही ओळखायची बाबा, अडलं तरच मी सांगणार.

तुमची,
चिमी