चहा-खारीवर हाडं कशी टिकणार?

महोदय,
आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर जो तो कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल बोलला. ती जेवते काय, हे कुणीच विचारलं नाही. दात नाहीत म्हणून सकाळी चहा-खारी, रात्री मऊ भात आणि पाण्यासारखं वरण! पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं. शिवाय प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो. आता ताकातली आंबील, घट्ट वरण, अंडंसुद्धा (सोवळं तिनंच सोडलं) आणि अकराच्या उन्हात खुर्ची. न्हाणीघरात दांडाही बसवला, उशिरा का होईना. रेशनवर ज्येष्ठांना नियमित नाचणी मिळाली तर बरं होईल.
– एक वाचक, सातारा