सूचना : रजिस्टर टपालाबद्दल, सर्व कास्तकार सभासद

भाऊ अन् ताई हो, मोजणीच्या अन् बँकेच्या नोटिसा सध्या बऱ्याच जणाइले येऊन राह्यल्या म्हणून लिहितो. पोस्टमन आला की आपण वावरात, घराले कुलूप, मंग तो चिठ्ठी टाकून जाते, ते फेकू नका. टपाल साधारण सात दिवस पोस्टात राह्यते, आधार घेऊन जाजा न् सही करून घ्या, नाई तं वापस जाते.

अन् काही जण नोटीस घेतच नाई, "घेतली नाई तं लागू कशी होईन" म्हणते. बाप्पा, होते! बरोबर पत्त्यावर रजिस्टरनं पाठवलं की कोर्ट सहसा ते पोचलं असंच धरते, 1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्यात कलम 27 हाये तसं. नाकारलं तं त्यावर "घेण्यास नकार" शेरा पडते, अन् आत काय लिहिलं होतं तेही आपल्याले समजत नाई.

पाठवणाऱ्याइले एक. जुनी रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिसळली, पण सोय बंद नाई झाली. काउंटरवर "रजिस्ट्रेशन लावा" म्हणा, 1 ऑक्टोबर 2025 पासून त्याचे 5 रुपये अन् जीएसटी जास्तीचे लागते, मंग ज्याचं नाव त्याच्याच नाई तं त्यानं लिहून दिलेल्या माणसाच्याच हाती टपाल जाते. पोचपावतीचं वेगळं सांगा लागते. पावतीचा फोटो काढून ठेवजा, तिच्यावरच्या नंबरानं मोबाईलवर टपाल कुठं पोचलं ते दिसते. पत्त्यात पिनकोड अन् मोबाईल नंबर टाकाच, आपल्याकडं एकाच नावाचे दोन दोन गावं हायेत.