खाडीच्या अहवालात हा रकाना कधी येणार?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर ठाणे खाडीची बातमी वाचली. 'रोहित मोठ्या संख्येने आले, खाडीची तब्येत सुधारली' हा रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचा, मथळा वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. वार्ताहरावर माझा राग नाही, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं. पण पक्षी मोजून पाण्याला प्रमाणपत्र देणाऱ्यांवर आहे. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

छोटा रोहित खातो काय, तर नील-हरित शेवाळ. हे शेवाळ सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर पोसतं. म्हणजे खाडीत मैला आला तरी रोहितांना खायला मिळतं आणि ते येतात. त्यांच्या येण्यावरून खाडीत खाद्य आहे एवढंच समजतं. त्या खाद्याबरोबर पोटात आणखी काय जातं, ते पक्षी मोजून कळणार नाही.

बातमीत पाण्याचे आकडेही होते. बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) मर्यादेत, विरघळलेला ऑक्सिजन बरा. अहो, बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणाचं असतं. खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. आदल्या रात्री जे वाहून गेलं ते सकाळच्या बाटलीत कसं सापडेल? मासा मात्र रात्रभर तिथेच होता. जे आलं ते त्याच्या कल्ल्यांतून आत गेलं, आणि त्यानं पेशीतल्या डीएनएला काही इजा केली असेल तर ती त्याच्या रक्तात पाहता येते. मला नेमकं याच तपासणीबद्दल लिहायचं आहे, आणि त्यासाठी २०१३ सालची गोष्ट सांगते.

आमच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं प्रकल्पासाठी हा विषय घेतला होता. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, माशांच्या तांबड्या पेशींत असतं. पक्ष्यांच्या आणि बेडकांच्याही असतं. म्हणून माशाच्या शेपटीजवळच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेतला की पुरतो, मासा मारावा लागत नाही. थेंब काचेवर पसरायचा, मिथेनॉलनं पक्का करायचा, गिम्सा रंगात बुडवायचा आणि तेल-भिंगाखाली बघत बसायचं. गुणसूत्राचा तुकडा पडला असेल, तर पेशीचं विभाजन होताना तो मागे राहतो आणि मोठ्या केंद्रकाशेजारी लहानसा ठिपका होऊन बसतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. एकेका माशाच्या हजार-दोन हजार पेशी मोजाव्या लागतात. ती मुलगी संध्याकाळी शिपाई दिवे घालवायला येईपर्यंत मोजत बसायची.

मासे ट्रॉम्बेच्या एका कोळीण मावशींनी दिले. बोय आणि निवट्या, जिवंत, डब्यात खाडीचं पाणी घालून. पैसे घेतले नाहीत. देताना मात्र म्हणाल्या, "बाय, काचंवर काय दिसल ते दिसल, पन आमचं मावरं खराब हाय असा पेपरान लिवू नुको." त्या बाईंचा हात माझ्या मनगटावर होता. ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही आणि त्याचं उत्तर खाली देते.

आम्ही निष्कर्ष काढला नाही. काढताच आला नसता. तुलनेला स्वच्छ पाण्यातले त्याच जातीचे, त्याच आकाराचे मासे हवेत, वेगवेगळ्या ऋतूंत नमुने हवेत, कारण उष्णतेनं आणि ऑक्सिजन घटल्यानंही पेशींवर ताण येतो. एका मुलीच्या सहा महिन्यांच्या प्रकल्पात ते होत नाही. म्हणून मी काचांची पेटी आणि चार पानी टिपण घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. मागणी एवढीच होती की हे काम तुम्ही करा, नीट करा, दरवर्षी करा.

अकरा वाजता गेले, चार वाजता आत बोलावलं. साहेब सभ्यपणे बोलले. एक काच उचलून ट्यूबलाइटकडे धरली आणि विचारलं, "यात काय दिसतं?" मी म्हटलं, असं नाही दिसत, सूक्ष्मदर्शक लागतो. त्यांनी काच परत ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या फॉर्ममध्ये याचा रकानाच नाही." मग मला आवक-जावक विभागात पाठवलं. तिथल्या बाबूंनी सांगितलं, कागद आवक होतो, काच आवक होत नाही. चार पानांवर शिक्का बसला, पेटी मी घरी आणली. बारा वर्षं झाली. त्या शिक्क्याच्या कागदाला उत्तर आलेलं नाही. गिम्साचा जांभळा रंग आता उतरला असेल, पेटी उघडायचा धीर होत नाही.

ती मुलगी पुढे एका औषध कंपनीत लागली. तिथे ती रोज हीच सूक्ष्मकेंद्रक चाचणी करते, उंदरांच्या अस्थिमज्जेवर. कारण नवं औषध बाजारात आणायचं तर ते डीएनएला इजा करत नाही हे आधी दाखवावं लागतं, नाहीतर परवानगी मिळत नाही. एका गोळीसाठी जो नियम आहे, तो ज्या खाडीच्या दोन्ही काठांवर आपण राहतो आणि जिचे मासे, चिंबोऱ्या खातो, तिच्यासाठी का नाही? मला याचं उत्तर हवं आहे.

ही पद्धत काही नवीही नाही. याच्याच पुढची कॉमेट चाचणी स्वीडनमध्ये १९८४ साली निघाली, आणि १९८८ मध्ये नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी ती आज वापरतात त्या रूपात आणली. पेशी अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात बसवतात, त्यांचं आवरण विरघळवतात आणि तीव्र अल्कलीत वीजप्रवाह सोडतात. धड डीएनए जागेवर गोळा होऊन राहतो, तुटलेला धन टोकाकडे ओढला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली तो धूमकेतूच्या शेपटीसारखा दिसतो. शेपटी जितकी लांब तितकी इजा जास्त. पेशी तुटलेला धागा पुन्हा सांधत असतात, म्हणून रक्त बर्फावर, अंधारात ठेवून लगेच काम करावं लागतं. अवघड आहे, पण अशक्य नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या किनाऱ्यावरच्या शंखांत डीएनएची इजा तपासली आहे. त्याच संस्थेचं केंद्र मुंबईत आहे, वर्सोव्याला मत्स्यशिक्षण संस्था आहे. माणसं आहेत, यंत्रं आहेत. शिणाणे, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, तर खडकाला चिकटून एकाच जागी जन्म काढतात आणि दिवसभर पाणी गाळतात. त्यांचे कल्ले तपासले तर कुठल्या टोकाला त्रास आहे तेही कळेल. रोहितांना पायात ओळखीची कडी घालण्यासाठी पकडतात, तेव्हा परवानगीनं रक्ताचा एक थेंब घेता येईल.

आता मावशींच्या वाक्याचं उत्तर. माशाच्या रक्तात तुटलेला डीएनए दिसला म्हणजे तो मासा खाणाऱ्याचा डीएनए तुटतो असं नाही. ती इजा खाण्यातून आपल्यात येत नाही. त्यावरून पाण्यात किंवा गाळात काहीतरी वाईट आहे हे कळतं, आणि ते तिथे सोडलं कुणी हे शोधायचं असतं. अमेरिकेत ओहायोतल्या ब्लॅक नदीत हेच झालं. माशांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी सापडत होत्या. काठावरचा, दगडी कोळशापासून कोक बनवणारा कारखाना १९८३ मध्ये बंद झाला आणि काही वर्षांत गाठी कमी झाल्या. पुढे गाळ उपसला तेव्हा त्या काही काळ पुन्हा वाढल्या, मग उतरल्या. दोष माशाचा नव्हता, मासेमाराचा तर नव्हताच. आपल्याकडे मिठी नदीचा गाळ दरवर्षी उपसतात. उपसताना खालचं काय वर येतं, याची नोंद माशांच्या रक्तावरून कुणी ठेवतं का?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला कारखान्याच्या रंगानं निळी झालेली कुत्री दिसली तेव्हा सगळी वर्तमानपत्रं धावली, तुमचंही. तेव्हा बरं वाटलं होतं. पण ती इजा कातडीवर दिसत होती म्हणून. खाडीतल्या बोयला निळा रंग चढत नाही.

आणखी एक. त्याच बातमीतल्या छायाचित्राखाली तुम्ही 'मडस्किपर' छापलंत. तिला निवटी म्हणतात. आगरी-कोळ्यांच्या घरांत तिचं कालवण होतं, ज्येष्ठात लहान पोरंही चिखलातून ती धरून आणतात. मराठी वर्तमानपत्रानं तिचं मराठी नाव छापावं ही विनंती. आणि हे पत्र छापणार असाल तर कृपया चाचणीचा परिच्छेद कापू नका. मागच्या खेपेला माझ्या पत्रातला तोच भाग गेला होता आणि फक्त तक्रार उरली होती.

काचांची पेटी अजून माझ्याकडे आहे. ज्या कार्यालयात काच आवक होत असेल, तिथे मी स्वतः घेऊन येईन.

— एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यिका, मुलुंड (पूर्व)