काका, आईंच्या हाताचा दोष नव्हता हे तुम्ही सांगितलंत

नमस्कार काका,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण सुदामा नगरातलं आमचं जुनं घर, तो बाथटबचा नळ आणि आमच्या सासूबाई तुम्हाला नक्की आठवत असतील. त्या दिवशी नळ दुरुस्त करून तुम्ही पिशवी उचलून निघालात तेव्हा मला धड थँक्यू पण म्हणता आलं नाही, गळा भरून आला होता. म्हणून आता लिहितेय.

हा टब बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी हौसेने बसवून घेतलेला. बाबा गेल्यापासून त्यात उतरून आंघोळ कोणीच करत नाही. टबात बादली ठेवायची, नळ सोडायचा आणि कडेला स्टुलावर बसून तांब्याने पाणी घ्यायचं, ही आईंची पद्धत. गरम पाण्याच्या बाजूचा नळ कधीपासून गळत होता, कितीही पिळला तरी टिप टिप चालूच. बाकीच्यांना त्याचं फार काही वाटत नव्हतं पण आईंना झोप लागायची नाही. त्या इथल्याच, रामबागेत लहानाच्या मोठ्या झाल्या. इंदुरात नर्मदेचं पाणी आलं 1978 साली, त्याच्या आधीचे उन्हाळे त्यांनी काढलेत, हंडे घेऊन रांगेत उभं राहणं त्यांना अजून आठवतं. नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर, पंप लावलावून चढवत आणलेलं पाणी हे, आजही आमच्याकडे एक दिवसाआडच येतं, ते असं मोरीत जाताना त्यांना बघवत नाही. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला 20-25 लिटर होतात. मग आई रात्री उठून नळाखालची बादली बदलायच्या, सकाळी तेच पाणी कुंड्यांना. ओल्या फरशीवर, या वयात, बोटं संधिवाताने वाकडी झालेली, आम्ही रागावलो तरी ऐकायच्या नाहीत.

तुमच्या आधी जे आले त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. एकाने वायसर, म्हणजे नळातली रबरी चकती, बदलला, पैसे घेतले, आणि आठवडा जायच्या आत परत गळती सुरू, मग फोन उचलणं बंद. दुसरा म्हणाला गरम-गार पाण्याचा सगळा मिक्सर नळच बदलावा लागेल, टाइल्स फोडाव्या लागतील, नळाला हात न लावता हजारोंचा आकडा सांगून मोकळा. हेही एकवेळ चाललं असतं. पण त्याने सगळ्यांच्या देखत आईंना सुनावलं, "अम्माजी, आपने ही कस-कस के खराब किया है." आई काही बोलल्या नाहीत, नुसत्या आत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी त्या नळाला हात लावणं सोडलं. नातवाला हाक मारायच्या, बाळा जरा नळ बंद कर रे. मग गॅसच्या बटनालाही बिचकायला लागल्या, मिक्सरचं झाकण लावायलाही, माझ्या हातून काही मोडायला नको असं म्हणायच्या. ज्या बाईने एवढं घर चालवलं तिला असं बोलणाऱ्या माणसाचा मला अजूनही राग येतो, आणि तो जाणार नाही.

आणि मग तुम्ही आलात. काय काय केलंत ते मला नीट सांगता यायचं नाही, पाणी बंद केलंत, स्पिंडल, म्हणजे नळाच्या आतला फिरणारा दांडा, काढलात, टॉर्च मारून बराच वेळ आत बघत बसलात. आणि मग मला नाही, आईंना हाक मारलीत. काढलेला वायसर त्यांच्या तळहातावर ठेवलात, काळा, कडक झालेला, मधोमध गोल चिरलेला. म्हणालात, "आई, हे बघा, वायसर जिच्यावर टेकतो ती आतली पितळेची सीट खराब झालीये, बोरिंगच्या पाण्याचा क्षार बसून खड्डे पडलेत, त्याच्यावर नवीन वायसर टाकला तरी तो कापलाच जाणार. नळ गळत होता म्हणून तुम्ही घट्ट पिळत होता, कोणीही पिळला असता. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही."

आईंनी विचारलं, "नक्की ना?" तुम्ही म्हणालात, "नक्की."

काका, तुमच्यासाठी ते एक वाक्य असेल, आमच्या घरात ते रात्रभर चाललं होतं. आई जेवतानाही तेच सांगत होत्या, सीट खराब होती म्हणे. फोनवर नणंदेलाही आधी तेच सांगितलं, मग बाकीचं.

सीट घासून सपाट केलीत, नवीन स्पिंडल टाकलात, आणि नळ तुम्ही स्वतः बंद करून दाखवला नाहीत. आईंना म्हणालात, तुम्ही करा, दोन बोटांनी. त्यांची बोटं हळू वळतात, तेवढा वेळ तुम्ही हातातलं सामान खाली ठेवून उभे राहिलात, मध्ये हात घातला नाही, घाई केली नाही. जड वाटतंय का विचारलंत आणि थोडं जड आहे म्हटल्यावर परत उघडून ग्रीस लावलंत. पैसे मागितलेत ते आधी वायसर बदलणाऱ्यापेक्षा फार जास्त नव्हते, आणि वरचे घेतले नाहीत.

कामात हुशार माणसं इंदुरात खूप आहेत, नाही असं नाही. पण दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर तिथल्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलावं हे कुठल्या आयटीआयमध्ये शिकवत नसावेत, ते माणसात असावं लागतं, आणि ते असलेली माणसं भेटली की मला खरंच धीर येतो. तुमच्या घरी ज्यांनी तुम्हाला हे वळण लावलं त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

नळ टिपूसभरही गळत नाहीये. आई स्वतः उघडतात, स्वतः बंद करतात, बाळाला हाक मारत नाहीत. आता गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक नीट बंद होत नाहीये, तो बघायला दुसऱ्या कोणाला बोलवायचं नाही असं आईंनी सांगून ठेवलंय. तर रविवारी सकाळी जमलं तर या, आणि यावेळी पोहे खाल्ल्याशिवाय जाऊ देणार नाही, आईंनी उसळ पण करायची ठरवलीये.

तुमची,
सुदामा नगरातली सूनबाई